चार वेळा पंजा, वर एक बोट

आधी एक नियम सांगून ठेवतो, कारण तिथे पोचल्यावर विचारायची सोय नाही. या प्रवासात तुम्हाला दिसेल, ऐकू येईल, वास येतील, थंडीही वाजेल. पण बोलता येणार नाही. तोंड उघडाल, ओठ हलवाल, आवाज फुटायचा नाही. बाकी सगळं शाबूत. पहिल्याच मुक्कामावर तुमच्यासारखा आणखी एक जण भेटणार आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

पॅरिसच्या दक्षिणेला, वेशीबाहेर, बिसेत्र नावाचं जुनंपुराणं रुग्णालय. साल 1861, एप्रिलचा दुसरा आठवडा. ही फक्त पुरुषांची जागा. म्हातारे, वेडे, फेफरं येणारे, घरात ज्यांना कुणी ठेवून घेत नाही असे सगळे इथे. याच आवारात 1792च्या एप्रिलमध्ये गिलोटिनचं नवं पातं मढ्यांच्या मानांवर चालवून पाहिलं होतं, आणि त्यानंतर काही वर्षांतच इथल्या वेड्यांच्या पायांतल्या साखळ्या काढल्या गेल्या. भिंतींनी बरंच पाहिलंय.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात शिरताना खाट दिसायच्या आधी वास येतो. कुजक्या मांसाचा, गोडसर, घशाला चिकटणारा. लिस्टरचं जंतुनाशक यायला अजून काही वर्षं आहेत. नाकाला रुमाल लावायचा मोह होईल, पण लावू नका. खाटेवरच्या माणसाला तुम्ही दिसत नसलात तरी तो दिवसभर असेच रुमाल बघतोय.

वय 51. इथे येऊन 21 वर्षं झाली. उजवा हात केव्हाच लुळा पडलेला, मागाहून उजवा पायही गेला, गेली सात वर्षं अंथरुणातच. पायाला गँगरीन झालं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या पायात जाणीव कमी, माणसाला सांगता येत नाही, आणि चादर आठवड्याला एकदा बदलायची. तापानं फणफणला तेव्हा पांघरूण काढलं, तर पावलापासून कुल्ल्यापर्यंत पाय सुजून काळवंडलेला. म्हणून 11 एप्रिलला त्याला इकडे हलवलं.

वॉर्डाचा सर्जन येतो. पॉल ब्रोका, 36 वर्षांचा. पाय बघतो आणि समजून चुकतो की इथे आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. मग तो खाटेशी बसतो आणि नाव विचारतो.

"तां, तां."

दुखतंय का? "तां, तां." किती दिवसांपासून? "तां, तां." सूर दर वेळी वेगळा. प्रश्नाला प्रश्नासारखा चढतो, उत्तराला उत्तरासारखा उतरतो, डावा हात हवेत काहीतरी समजावत राहतो. वॉर्डात सगळे त्याला तांच म्हणतात. शेजारचे रोगी त्याच्याबद्दल फारसं बरं बोलत नाहीत. आपमतलबी आहे, डूख धरतो, चोरही आहे म्हणे. एकवीस वर्षं एकाच अक्षरावर जगणाऱ्या माणसानं किती गोड वागायचं याचा त्यांनी विचार केला नसावा.

आता नीट बघा. ब्रोका विचारतो, बिसेत्रमध्ये किती वर्षं झाली? तो डावा पंजा उघडतो, मिटतो. उघडतो, मिटतो. चार वेळा. मग एक बोट वर. एकवीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या लक्षात येतं की हा डॉक्टर आपली परीक्षा घेतोय. तो भडकतो, आणि त्या तोंडातून, जिथून वर्षानुवर्षं एकच अक्षर बाहेर पडलंय, देवाच्या नावानं एक कडकडीत फ्रेंच शिवी स्पष्ट बाहेर येते. ब्रोका ती टिपून ठेवतो. खिशातलं घड्याळ दाखवतो, तर हा वेळ बरोबर सांगतो, बोटांनी.

तुम्हीही आत्ता मुके आहात. हा माणूस आतून जागा आहे हे तुम्हाला दिसतंय आणि ते कुणाला सांगता येत नाहीये. ब्रोकाला मात्र हे चांगलं कळलंय, आणि म्हणूनच तो उठत नाही. जीभ हलते, ओठ हलतात, घास गिळता येतो, कान चांगले, समज बऱ्यापैकी. मग हरवलंय ते नेमकं काय, आणि ते डोक्यात कुठे राहत होतं?

या प्रश्नावर शहरात भांडण पेटलेलं आहे. गॉल नावाचा एक वैद्य पूर्वी सांगून गेला होता की मेंदूचे भाग वेगवेगळी कामं करतात. इथवर ठीक होतं. पण पुढे त्यानं कवटीवरची टेंगळं चाचपून माणसाचा स्वभाव सांगायची विद्या काढली, आपल्याकडच्या सामुद्रिकासारखी, आणि शहाणी माणसं दोन्ही गोष्टींपासून चार हात लांब राहू लागली. फ्लूरांसनं पक्ष्यांच्या मेंदूचे तुकडे काढून जाहीर केलं की मोठा मेंदू एकसंध काम करतो, त्यात वाटे नाहीत. उलट बुइयो नावाचे ज्येष्ठ डॉक्टर हट्टाला पेटलेले: वाणी कपाळामागच्या भागातच आहे, तो भाग दोन्हीकडे जबर बिघडूनही नीट बोलणारा माणूस दाखवा आणि माझ्याकडून 500 फ्रँक घेऊन जा. त्यांचा जावई ओबुर्तँ. त्यानं पाहिलेल्या एका माणसानं कपाळात गोळी झाडून घेतली होती. हाड उडालेलं, मेंदू उघडा, पण बोलणं चालू. त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागावर चपटी सळी हलकेच दाबली की शब्द अर्ध्यावर तुटायचा आणि उचलली की पुन्हा सुरू व्हायचं. याच ओबुर्तँला ब्रोका बोलावून घेतो, तांला तपासायला लावतो आणि विचारतो, तुझ्या मतानं याचाही बिघाड कपाळामागेच का? ओबुर्तँ म्हणतो, होय.

17 एप्रिलला सकाळी अकरा वाजता तां मरतो.

कवटी उघडतात तेव्हा तुम्ही टेबलाशी उभे असता. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या अंगाला, कानशिलाच्या थोडं वर, मेंदूत खड्डा आहे. कोंबडीचं अंडं मावेल एवढा, पाण्यासारख्या द्रवानं भरलेला. आजूबाजूचा भाग मऊ पडत गेलेला, पण विरघळायला सुरुवात झाली ती तिसऱ्या वळीपासून, असं ब्रोकाचं अनुमान. दुसऱ्याच दिवशी, 18 एप्रिलला, तो हा मेंदू मानववंशशास्त्र मंडळाच्या बैठकीत घेऊन जातो. त्या वळीला आज जगभर ब्रोकाचा भाग म्हणतात. ऑक्टोबरात आणखी एक म्हातारा मिळतो, चार-पाच शब्दांवर आलेला, आणि खड्डा जवळजवळ त्याच जागी. पुढे रोगी साठत जातात, सगळे डावीकडचे. 1865 मध्ये ब्रोका लिहितो की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्यानं बोलतो. शरीराची उजवी बाजू डावा मेंदू चालवतो. तांची वाचा आणि उजवा हात-पाय एकाच बाजूच्या नासाडीनं गेले, ते असे.

मला ब्रोकाबद्दल सगळं बरं बोलायचं नाही. याच माणसानं पुढे कवट्या मोजमोजून कुठला वंश वरचा आणि बायकांची अक्कल किती कमी, असले हिशेब मांडले. पण त्या एप्रिलमध्ये त्यानं एक गोष्ट फार शहाणपणाची केली. आत काय आहे हे बघायची अनावर इच्छा असणार, तरी मेंदू चिरला नाही. अखंड ठेवला, अल्कोहोलमध्ये बुडवून. त्यामुळे जवळजवळ दीडशे वर्षांनी, 2007 मध्ये, एमआरआयच्या यंत्रात तो ठेवता आला आणि दिसलं की बिघाड ब्रोकाला वरून दिसला त्याहून खोल गेला होता. वाणीच्या वेगवेगळ्या पेठांना जोडणारे आतले दोर तुटलेले होते. एकट्या त्या वळीनं माणूस मुका झाला नव्हता.

थोडं थांबू. माझ्या आजीच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. उजवी बाजू गेली, वाचा बसली. पाणी हवं असलं की ती "गं गं" करायची, आम्ही भांडं, चादर, औषध एकेक पुढे करायचो, आणि ती डाव्या हातानं कपाळ बडवून घ्यायची. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की तिला काही कळत नाही. मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं तिच्याशी बोलू लागले. मग गणपती आले. आरती सुरू झाली आणि खाटेवरून आजीचा आवाज आला, सुरात, शब्दांसकट, कडव्यामागून कडवं. आईच्या हातातलं तबक हललं. आरती संपली, आणि आजीला पुन्हा पाणीसुद्धा मागता येईना. पाठ असलेली गाणी, प्रार्थना, एक ते दहा अंक, शिव्या या गोष्टी बऱ्याचदा अशाच वाचतात. जुळवून बोलायची जागा वेगळी, जिभेवर रुळलेलं बाहेर सोडायची वाट वेगळी, आणि त्या वाटेला मेंदूचा उजवा भागही हातभार लावत असावा. तांची ती शिवी वाचली तेव्हा मला आजी आठवली. तीही मग एकदा आमच्यावर भडकलीच होती.

तांचं खरं नाव लबॉर्न. ब्रोकाच्या लेखात ते आहे, पण पुस्तकांनी उचललं ते तां. लुई व्हिक्टर लबॉर्न, बुटांचे लाकडी साचे घडवणारा कारागीर, लहानपणापासून फेफरं येणारा, तिशीत वाचा गेलेला: एवढं कळायला 2013 साल उजाडावं लागलं. तो मोरे गावी जन्मला होता, आणि चामडं कमवायच्या सालीला फ्रेंचमध्ये 'तां' म्हणतात. त्या गावाजवळ अशा सालीच्या चक्क्या होत्या. ते अक्षर तिथून आलं असेल का? एका इतिहासकाराचा तर्क आहे. मला तो खरा असावासा वाटतो, म्हणूनच मी त्यावर फार भरवसा ठेवत नाही.

बिसेत्रमधून निघताना ब्रेस्लाऊवरून जाऊ, जिथे 1874 मध्ये 26 वर्षांचा कार्ल व्हेर्निके वॉर्डातून फिरतोय. उतरायची गरज नाही, खिडकीतूनच ऐका. एक बाई जर्मनमध्ये बोलतेय, अस्खलित, हेल काढत, न अडखळता. तुम्हाला जर्मन येत नसेल तर काही बिघडलंय याचा पत्ताही लागायचा नाही. तिथल्या लोकांचे चेहरे मात्र बघा. शब्दामागून शब्द येतोय आणि अर्थ म्हणून काही जुळत नाही. दुसरा काय म्हणतोय तेही तिच्यापर्यंत पोचत नाही. इथला खड्डा कानाच्या बाजूला, थोडा मागे. तांला समजायचं पण बोलता येत नव्हतं, हिचं उलट.

आता मागे जायचं, समुद्रापलीकडे. 13 सप्टेंबर 1848, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं कॅव्हेंडिश गाव, दुपारचे साडेचार. रेल्वेचा मार्ग काढायला खडक फोडताहेत. खडकात भोक पाडायचं, दारू भरायची, वात लावायची, वर वाळू टाकायची आणि मग पहारीनं ठासायचं. वाळू पडायच्या आधी पहार आपटली तर ठिणगी थेट दारूत. पंचवीस वर्षांचा मुकादम फिनिअस गेज या कामात वाकबगार आहे. आपली ठासायची पहार त्यानं लोहाराकडून खास घडवून घेतलीय. 3 फूट 7 इंच लांब, सव्वा इंच जाड, सव्वातेरा पौंड, एका टोकाला निमुळती. मागे गडी काहीतरी बोलतात, गेज उजव्या खांद्यावरून वळून बघतो.

तुम्ही ओरडाल. आवाज येणार नाही.

सुरुंगाचा बार उडतो. पहार डाव्या गालातून शिरते, डोळ्यामागून जाते, टाळूतून बाहेर पडते आणि 80 फुटांवर जाऊन पडते, रक्तानं आणि मेंदूनं माखलेली. गेज उताणा. हातपाय झटकतो. आणि दोन-चार मिनिटांत बोलायला लागतो. बैलगाडीत ताठ बसून पाऊण मैलावरच्या मुक्कामी जातो, थोडा आधार घेऊन स्वतः उतरतो, ओसरीवरच्या खुर्चीत बसतो. पहिला डॉक्टर पोचतो तेव्हा गेजच त्याला म्हणतो की तुमच्यासाठी भरपूर काम आणलंय. डॉक्टरचा विश्वास बसत नाही, पहार आरपार गेली म्हणजे काय! तेवढ्यात गेज उठून ओकतो, आणि त्या जोरानं अर्धा चहाचा पेला भरेल एवढा मेंदू टाळूतून जमिनीवर पडतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास डॉ. जॉन हार्लो येतो, तोही जेमतेम 28 वर्षांचा. त्यानंतरचे कित्येक आठवडे त्याचे. त्यानं जखम वाहती ठेवली, पू काढला, आणि रोग्याला जगवलं. जंतू ठाऊक नसलेल्या काळात हे कौशल्य मोठं आहे, आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

सांगतात ती पुढची. वाचा शाबूत, स्मरण शाबूत, हातपाय शाबूत. पण हार्लोनं 1868 मध्ये लिहिलं की माणूस बदलला. पूर्वीचा जबाबदार, हिशेबी मुकादम आता चंचल, हट्टी, अर्वाच्य बोलणारा. बेत करायचा, मोडायचा, दुसरा करायचा. मित्र म्हणू लागले की हा आमचा गेज नाहीच. कंपनीनं मुकादमी परत दिली नाही. कपाळामागे, डोळ्यांच्या वर, मेंदूचा जो भाग आहे तो पुढचं बघतो, आवर घालतो, राग-लोभाला तारतम्याची जोड देतो. पहार तिथूनच गेली होती. इथवर खरं आहे. पुढे पाठ्यपुस्तकांनी यावर जे मजले चढवले त्याचा मला मनस्वी राग आहे. गेज दारुडा झाला, भटक्या झाला, खोटारडा झाला, जन्मभर जत्रेत पहार घेऊन हिंडला. दर आवृत्तीत थोडं आणखी.

म्हणून तुम्हाला आणखी एका ठिकाणी नेतो, जिथे सहसा कुणी नेत नाही. 1850 चं दशक, चिली देश. व्हालपाराइसो बंदर ते सांतियागो या वाटेवर, पहाटेच्या काळोखात, एक डाव्या डोळ्यानं आंधळा माणूस सहा घोडे जुंपतोय. तुम्ही प्रवाशांच्या बाकावर बसा. रस्ता खडकाळ, वळणांचा, समोरून गाड्या येताहेत. सहा घोड्यांचे लगाम म्हणजे दोन हातांच्या बोटांत वेगवेगळ्या जनावरांचे वेगवेगळे स्वभाव. प्रवाशांचं सामान चढवायचं, परक्या भाषेत त्यांच्याशी निभावून न्यायचं, वेळेत पोचायचं. गेजनं चिलीत जवळजवळ सात वर्षं काढली. पुढचं बघणं आणि आवर घालणं जर त्या पहारीबरोबर कायमचं गेलं असतं, तर ही गाडी पहिल्याच वळणावर दरीत गेली असती. काही इतिहासकार आज म्हणतात की ठरलेल्या कामाच्या शिस्तीनं त्याला बरंच सावरलं. हार्लोनं त्याला या वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या शब्दांतला गेज बहुतेक अपघातानंतर लगेचच्या काळातला होता.

1859 मध्ये तो आजारी होऊन सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला, मग झटके सुरू झाले, आणि 21 मे 1860 ला, वयाच्या 36 व्या वर्षी, गेला. पुढे आईच्या संमतीनं त्याची कवटी उकरून हार्लोकडे आली, पहारीसकट. दोन्ही आज हार्वर्डच्या संग्रहात आहेत. कवटीत भोक आहे. चिली कवटीत दिसत नाही.

जखमांनी मेंदूचा नकाशा भरत गेला, हे मी फार सरळ सांगतोय. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात तर तो अक्षरशः बंदुकीच्या गोळ्यांनी आखला गेला. रशियन रायफलची नवी गोळी लहान आणि वेगवान. कवटीत शिरून सरळ पलीकडे जायची, आणि पुष्कळ शिपाई जगायचे. कुणाला किती पेन्शन द्यायचं हे ठरवण्यासाठी तात्सुजी इनौये या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते येत. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली हे तो मोजायचा आणि नजरेचा कुठला तुकडा गेलाय ते तपासायचा. डोळे ठणठणीत, पण समोरच्या चित्रात भोक. दृष्टीचा नकाशा डोक्याच्या मागच्या बाजूला असतो, आणि नजरेच्या अगदी मध्यबिंदूला त्यात ऐसपैस जागा मिळालेली असते, हे त्या पेन्शनच्या कागदांतून निघालं.

शेवटचा मुक्काम. अमेरिकेतलंच हार्टफर्ड शहर, 25 ऑगस्ट 1953. ऑपरेशन टेबलावर 27 वर्षांचा तरुण, जागा. कपाळाची कातडी बधिर केलीय, आत बधिर करायची गरज नाही, मेंदूला स्वतःला दुखत नाही. लहानपणापासून झटके येतात. आता इतके की कारखान्यातली साधी नोकरीही होत नाही. सर्जन विल्यम स्कोव्हिल भुवयांच्या वर दोन भोकं पाडतो, मेंदूचा पुढचा भाग चपट्या सळीनं उचलून धरतो, आणि आत, कानांच्या पातळीवर, खोल, समुद्रघोड्यासारख्या वळणाचा जो भाग असतो तो नळीनं ओढून घेतो. हिप्पोकॅम्पस. एका बाजूचा. मग दुसऱ्या बाजूचाही. झटके नेमके कुठून निघतात ते तपासण्यांत सापडलं नव्हतं. सापडलं नाही म्हणून दोन्हीकडचा काढला. इथे तुम्हाला ओरडावंसं वाटलं तर मी काही म्हणणार नाही.

झटके कमी झाले. वॉर्डात त्याला संडासची वाट सापडेना. रोज येणाऱ्या नर्सची रोज नव्यानं ओळख.

एप्रिल 1955 मध्ये माँट्रियलहून ब्रेंडा मिलनर येतात. वय 36. त्या तारीख विचारतात, तो सांगतो मार्च 1953, वय 27. बुद्ध्यंक सरासरीच्या वर, 112. आदबशीर, विनोदी, शब्दकोड्यांचा शौकीन. एका खेपेला त्याला 584 हा आकडा लक्षात ठेवायला सांगून त्या खोलीबाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्याला आकडा अगदी पाठ. कसं ठेवलंस? आठ लक्षात ठेवायचा, पाच, आठ आणि चारची बेरीज सतरा, त्यातून आठ गेले नऊ, नवाचे दोन भाग पाच आणि चार, झालं 584. तो हे मनातल्या मनात फिरवत बसला होता. मिनिटभर दुसरं बोलणं निघालं, आणि आकडा गेला. आकडा विचारला होता हेही गेलं. चालू क्षण धरायला त्याला काही अडचण नव्हती, तो पुढच्या क्षणाच्या हाती सोपवता येत नव्हता. तोवर मानत होते की आठवण सगळ्या मेंदूत पसरलेली असते. 1957 मध्ये स्कोव्हिल आणि मिलनर यांनी मिळून हे जाहीर केलं, आणि स्कोव्हिलनं इतर सर्जनांना बजावलं की दोन्ही बाजूंचा हा भाग काढू नका. त्याचं नाव छापलं नाही, एच. एम. एवढंच. हेन्री मोलेसन हे नाव जगाला कळलं ते 2 डिसेंबर 2008 ला तो गेल्यावर. वर्षभरानं सॅन दिएगोत त्याच्या गोठवलेल्या मेंदूचे 53 तासांत 2,401 काप केले, आणि लोकांनी ते इंटरनेटवर बघितलं.

कापांकडे जाऊ नका. मिलनरबाईंच्या अशाच एका खेपेला खोलीत बसा. टेबलावर कागद, त्यावर दुहेरी रेषांची चांदणी. दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हातावर आडोसा आणि बघायचं फक्त आरशात. करून बघा कधीतरी. हात वेड्यासारखा उलट्या दिशेला पळतो. पहिल्या दिवशी हेन्रीची रेघ प्रत्येक कोपऱ्यावर बाहेर सांडते, अडकते, मागे येते. दहा वेळा काढून घेतात. दुसऱ्या दिवशी त्याला ही चांदणी आठवत नाही, आरसा आठवत नाही, बाईही आठवत नाहीत. पुन्हा सगळं समजावून सांगतात. पेन्सिल टेकते, आणि काल जिथे संपली होती तिथून पुढे, म्हणजे कालच्यापेक्षा कमी चुकत, चालू लागते.

तिसरा दिवस. हे काय आहे म्हणून तो विचारतो, त्या सांगतात. तो आरशात बघतो आणि कोपऱ्यामागून कोपरा वळत, रेषेला न शिवता, चांदणी पुरी करतो. कागदाकडे बघत राहतो. हे अवघड असेल असं वाटलं होतं, आणि बरंच जमलं की, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो.

हाताला शिकवणारी जागा मेंदूत वेगळी आहे, आणि स्कोव्हिलची नळी तिथवर पोचलेली नाही. बाईंना हे आत्ता, या खोलीत कळतंय. तुम्हाला हेन्रीला सांगावंसं वाटतंय की अरे, गेले तीन दिवस तू हेच करतोयस. तुम्हाला आवाज नाही. बाई सांगू शकतात, पण सांगून ते किती टिकणार?

त्या कागद बाजूला ठेवून काही कामासाठी बाहेर जातात. हेन्री खिडकीबाहेर बघत बसतो. थोड्या वेळानं दार उघडतं. तो उठून उभा राहतो आणि नुकतीच भेट होत असल्यासारखा, आदबीनं, त्यांना नमस्कार करतो.